मंडईच्या दिवशी घर पाहिलं

ताराचंद टेंभुर्णे मास्तर तीन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते, आणि चिचगडच्या मंडईला निघालेल्या जीपमध्येही ते पुढच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसले होते. मागे बायको अन्नपूर्णा, मुलगा प्रफुल्ल आणि इंग्लंडहून आलेली मुलगी रचना. देवरी सोडून जंगल लागलं की एरवी मास्तरांना कंठ फुटायचा. हे मोहाचं झाड कुणाचं, हा नाला कोणत्या साली पुलावरून वाहिला, कोणत्या वळणावर सायकल पंक्चर झाली आणि कुणी ढकलत घरी पोचवली. प्रफुल्लला तो सगळा पाठ तोंडपाठ होता आणि त्याचा कंटाळाही होता. आज नाला आला आणि गेला, मास्तर गप्प. तेव्हा प्रफुल्ललाही बरं वाटेना.

भांडणाचं कारण एक नकाशा होता. रचनानं तो कुडव्याच्या राहत्या घरी लॅपटॉपवर दाखवला होता. ऑस्ट्रेलियाचा नकाशा, त्यात काही भाग रंगवलेले. बाहेरच्या देशात शिकलेल्या डॉक्टरांनी सुरुवातीची काही वर्षं या रंगवलेल्या भागांतच काम करायचं, मोठ्या शहरांत नाही, असा तिकडचा नियम. त्यातला कोणता भाग घ्यायचा ते मात्र आपण ठरवायचं. रचनानं ठरवत आणलं होतं. बरिंडा नावाचं गाव, गव्हाचं आणि मेंढ्यांचं. सोमवारी तिथल्या दवाखान्याला हो किंवा नाही कळवायचं होतं.

मास्तरांनी चष्मा पुसून नकाशा नीट पाहिला होता. "म्हंजे बाहेरच्याले गावाबाहेर," ते म्हणाले होते. "साता समुद्रापल्याड गेली तरी जागा तेच."

रचनाला हसू आलं होतं. ती हसली, तिथंच चुकलं.

मास्तरांचा राग नुसता नकाशावर नव्हता. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी कुडव्याच्या घराला रस्त्याच्या बाजूनं एक खोली काढली होती. वेगळं दार, पांढऱ्या टाइल्स, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. स्वयंपाकघरात नळ यायच्या आधी त्या खोलीत बेसिन आलं, हे अन्नपूर्णाबाई आल्यागेल्याला सांगायच्या. कौतुक म्हणून की तक्रार म्हणून, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं. नागपूरची एमबीबीएस, मग इंग्लंडातलं फॅमिली डॉक्टरचं शिक्षण, हे सगळं होऊन रचना येईपर्यंत खोलीला कुलूप. प्रफुल्ल चौकातल्या टपरीत मोबाइल दुरुस्त करायचा, पण खोली मागायची त्याची छाती झाली नव्हती. आणि यंदा दिवाळीला रचना आली तशी मास्तरांनी निम्म्या कुडव्याला सांगून टाकलं होतं, पोरगी आली, आता इथंच. रचनाला मात्र त्यांनी तसं एकदाही म्हटलं नव्हतं. टेंभुर्ण्यांच्या घरात माणसाला सोडून बाकी सगळ्यांना सांगायची पद्धत आहे.

चिचगडला मास्तरांची धाकटी बहीण अल्का. गावातच दिलेली, नवरा गेल्यावर धानाची शेती एकटीनं सांभाळणारी. मंडईच्या दिवशी तिच्या घरी चूल विझत नाही. दिवाळीनंतर गावोगाव ही मंडई भरते. दिवसभर बाजार, रात्री नाटक, आणि घराघरात सोयरे. ज्याच्याकडे मंडईला पाहुणा फिरकला नाही त्याचं काहीतरी बिनसलंय असं गाव धरून चालतं. याच गर्दीत पोरी दाखवल्या जातात, पोरं न्याहाळली जातात आणि सोयरिकींना तोंड फुटतं.

"वयनी, दादा काऊन फुगून राहिला?" वडे तळता तळता अल्कानं विचारलं.

अन्नपूर्णाबाईंनी सगळं सांगितलं. मग पदरानं कढईची वाफ टिपल्यासारखं करून डोळे टिपले. "तुह्यं आयकते ते पोरगी. अठीच राहा म्हनाव तिले."

"चिचगडले?"

"कुडव्याले. चिचगडले कोन म्हनते?"

"मी म्हनली असती. पन अठी तिले कोनी डॉक्टर नाही म्हननार. मास्तरची पोट्टी म्हनतीन, आनि जेवत्या ताटावरून उठवतीन."

अन्नपूर्णाबाईंना हसू आलं नाही. "फोनात पाहून पाहून तिचं तोंड आता मले फोनातलंच वाटते, अल्का. दिवाळीले दारात उभी राहिली तं वयखाले वेळ लागला. आपल्या पोटची पोरगी."

अल्कानं झारा बाजूला ठेवला. वहिनीची बाजू घ्यायची असं तिनं तिथंच ठरवलं, आणि एकदा ठरवलं की अल्का मागंपुढं पाहत नसे. "जेवनं होऊ दे. मग घर पाहू त्या गावाचं. आपले आबाजी पोरगी द्याच्या आधी पाहात तसं. दोन सवालांत पडते का नाही पाहा."

तिकडे रचना आणि प्रफुल्ल बाजारात फिरत होते. रचनाला बाबांच्या जुन्या शाळेपुढं थांबायचं होतं. शाळेला नवा रंग होता, व्हरांडा तोच. तिच्या लहानपणी या भागात हिवताप फार. सरकार तापाच्या गोळ्या मास्तरांकडे ठेवायचं, आणि सकाळी शाळा भरायच्या आधी व्हरांड्यात माणसं बसलेली असायची. बाबा गोळ्या द्यायचे आणि ती शेजारी बसून कुणाच्या घरी कुणाला ताप आला ते पाठ करायची. पाचवीतल्या पोरीला अख्ख्या गावाचा ताप माहीत होता. मागच्या पावसाळ्यात आजी आजारी होती, यंदा नातू आहे, म्हणजे घरामागचं डबकं अजून बुजवलेलं नाही, असं ती बाबांना सांगायची आणि बाबा शाळा सुटल्यावर जाऊन डबकं बुजवून घ्यायचे. नव्याण्णव साली ती दहावी झाली, अकरावी सायन्ससाठी घर कुडव्याला हललं, आणि टेम्पोत सामान चढताना ती या व्हरांड्यावरच रडत बसली होती. पुढं इंग्लंडात फॅमिली डॉक्टर कशाला म्हणतात हे तिला शिकवायला लागले तेव्हा तिला ते सगळं आधीच येत होतं, इतकं ते या व्हरांड्याचं होतं. त्या दिवसांइतकं सुख तिला नंतर कुठल्याच दवाखान्यात मिळालं नाही.

"ताई, तू जा बरिंड्याले," उकडलेला शिंगाडा सोलत प्रफुल्ल म्हणाला.

"खोली पाहिजे म्हणून?"

"खोली पायजेच. उन्हाळ्यात टपरीत सोल्डर आपोआप वितळते. पन त्याच्यासाठी नाही म्हनून राहिलो." त्यानं शिंगाडा तिच्या हातात ठेवला. "तू अठी बसशीन, आनि बाबा दिवसभर बाहेर खुर्ची टाकून पेशंट मोजतीन. आला का खुश, नाही आला का बीपी. मैं नहीं देख सकता यार."

रचना हातातला शिंगाडा फिरवत राहिली. "मला राहावंसं वाटते, प्रफुल्ल," ती शेवटी म्हणाली. "इंग्लंडात एका पेशंटला दहा मिनिटं. माणूस दुखणं सांगायला लागते आणि मी घड्याळ पाहते. मला एकाच गावात राहून म्हातारं व्हायचं आहे. कोणतं गाव, एवढंच ठरत नाही. बाबांनी रागावण्याऐवजी नुसतं 'राहा' म्हटलं ना, तर मी सोमवारी नाही कळवून टाकीन."

प्रफुल्लनं मान हलवली. त्याची खोली गेली होती आणि तरी त्याला बहिणीची कीव आली.

जेवणं झाली. गावरान कोंबडीचा रस्सा, वडे, नव्या धानाचा भात. पडवीत सतरंजी पडली आणि अल्का भिंतीला टेकून बसली तेव्हाच मास्तर ओळखून गेले.

"घर पाहाचं आहे," ती म्हणाली. "बरिंड्याचं."

"तमाशा नोको करू, अल्के."

"पोरगी पाठवाची आहे का नाही? मंग न पाहाता पाठवनार?"

मास्तर सतरंजीवर टेकले, कारण न पाहता पोरगी द्यायची नाही हा नियम त्यांच्या वडिलांचाच होता. कवडू आबाजी मुलगी द्यायच्या आधी ते घर पाहायला पायी जात. पाणी विचारत, रस्ता विचारत, आणि शेवटी एक प्रश्न हमखास. या घरात गरीब सोयऱ्याला कुठं बसवता? थोरली मुलगी शामकला हिच्या वेळी त्या घरानं सांगितलं, आत, चुलीजवळ. ते खोटं होतं. आबाजी भेटायला जात तेव्हा त्यांना गोठ्याच्या बाजूला घोंगडी मिळे, आणि शामकला दोन वर्षांत परत आली ती कायमची. माहेरच्या पडवीतच तिचे केस पांढरे झाले. तेव्हापासून टेंभुर्ण्यांमध्ये ठरलेलं होतं, घराच्या बाजूनं जो बोलेल त्यानं खरं बोलायचं. आपलं घर असो की दुसऱ्याचं. पुढं अल्कानं पुतण्या-भाच्यांच्या कितीतरी सोयरिकी याच प्रश्नांवर जमवल्या आणि मोडल्या होत्या.

"तू त्या घराच्या बाजूनं बोल," तिनं रचनाला सांगितलं. "पानी?"

"नळाचं आहे. पण पिण्यासाठी लोक टाक्यांत पावसाचं साठवतात."

"म्हंजे पान्याची बोंबच," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"रस्ता?"

"चांगला. इतका सरळ की झोप येते. मोठं शहर पाच तासांवर."

"पाच तास," अन्नपूर्णाबाई नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या. तीन दिवसांत दोघांचं पहिल्यांदा एका गोष्टीवर जमलं होतं.

"आपले मानसं?"

"एक केरळची नर्स आहे. बाकी कोणी नाही."

"विहार?"

"नाही."

"झालं," मास्तर म्हणाले आणि उठायला लागले. अल्कालाही झालंच असं वाटलं. शेवटचा प्रश्न तिनं केवळ रीत म्हणून विचारला. "गरीब सोयऱ्याले कोठी बसवतेत?"

"मी गाव पाहायला गेले होते ना, तेव्हा दवाखान्यात जून नावाची बाई भेटली. पेशंटची नावं लिहून घेते. पहिल्याच संध्याकाळी तिनं मला घरी नेलं. मी आपली बाहेरच्या खोलीत बसले. ती आतून म्हणाली, तिथं काय करतेस, आत ये. आणि माझ्या हातात सुरी आणि बटाटे दिले. मग तिची सून आली, शेजारचा म्हातारा आला, सगळे स्वयंपाकघरातच बसले. म्हाताऱ्यानं माझ्या सोलण्याला नावं ठेवली. फार जाड सालं काढते म्हणाला."

"आनि जेवले? तुह्या हातचं?"

"सगळे जेवले. म्हाताऱ्यानं परत मागून घेतलं." खरं बोलायचा नियम तिलाही लागू होता. "सगळे तसे नाहीत, आत्या. बँकेत एकजण मला पाहून दुसऱ्या रांगेत गेला. आणि एका बाईनं मला विचारलं, जुना डॉक्टर केव्हा येणार."

अल्काच्या डोळ्यांपुढून ते बटाटे हलेनात. आपल्या हाती सुरी देऊन आपल्या हातचं जेवणारं घर तिनं आयुष्यभर शोधून शोधून पोरींना दिलं होतं. अन्नपूर्णाबाई तिच्याकडे पाहत होत्या आणि ती त्यांच्याकडे पाहणं टाळत होती. इथं ती थांबली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण दोन स्थळं असली की दोन्ही पाहायची, ही सवय तिच्या हाडीमाशी होती.

"आता कुडव्याचं घर," ती म्हणाली. "कोन बोलते?"

"ते कायले पाहाचं? ते तं आपलंच हाय," अन्नपूर्णाबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"मी बोलतो," मास्तर म्हणाले आणि मांडी घालून नीट बसले.

पाणी? बोअरवेल आहे, नळही आहे. रस्ता? दारापर्यंत डांबरी. आपली माणसं? ढिगानं, नको म्हटलं तरी येतात. विहार? दोन गल्ल्या सोडून. मास्तर शाळेत उत्तर द्यावं तसं खणखणीत बोलत होते, आणि तीन दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते बघून रचनाला इतकं बरं वाटलं की तिनं मनातल्या मनात सोमवारचा नकार लिहायलाही घेतला. बाबा तिला राहा म्हणत होते. त्यांच्या पद्धतीनं का होईना, म्हणत होते.

"गरीब सोयऱ्याले कोठी बसवतेत?" अल्कानं विचारलं. "तुमच्या घरात नाही. डॉक्टरीन बसन त्या वस्तीत. तिले कोठी बसवतीन?"

मास्तरांचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांपुढं शेजारचं अंगण आलं. कुडव्याला भिंतीला भिंत लागून सावित्रीबाईंचं घर. माणसं सोन्यासारखी. अन्नपूर्णाला चक्कर आली तेव्हा त्यांच्या पोरानं उचलून गाडीत घातलं होतं आणि दवाखान्यात दिवसभर बसून राहिला होता. दर बुद्धपौर्णिमेला अन्नपूर्णा त्यांना खीर द्यायची आणि सावित्रीबाई फाटकाशी येऊन दोन्ही हातांनी भांडं घ्यायच्या. एका वर्षी मास्तर गच्चीवर वाळवण उचलायला गेले होते. त्यांनी पलीकडच्या अंगणात पाहिलं, ती खीर गाईपुढं ओतलेली होती. त्यांनी वाळवण उचललं आणि खाली आले. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता खोटं बोलणं किती सोपं होतं. समोर पोरगी बसली होती. तिला राहायचं आहे हे त्यांना तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. पंधरा वर्षांत त्या घराच्या ओसरीपलीकडं आपलं पाऊल पडलं नाही, तेही सांगितलं.

अन्नपूर्णाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "तुमाले माहीत होतं?"

"तुले बी?"

"भांडं आनाले मीच जातो ना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"मग दरवर्षी का देतेस, आई?" रचनानं विचारलं.

"देनं सोडलं का त्याइले समजन, आपल्याले समजलं ते. मंग बोलनंच बंद होते पोरी. शेजार हाय."

मास्तर रचनाकडे वळले. "त्याइच्यातला टेकचंद मास्तर येते आपल्या घरी, मांडी घालून जेवते. नाही म्हनत नाही मी. पन एक टेकचंद. पेशंट तुले भेटतीन. दुखनं आलं का कोनी आडनाव पाहात नाही. तू त्याइचे पोरं बरे करशीन, आनि ते तुले ओसरीत खुर्ची देतीन. चांगली देतीन, गादीची. जनमभर देतीन."

"बाबा, मला ओसरी चालते."

"मले नाही चालत."

रचना रडायला लागली. ती इतक्या वर्षांत आईबापांपुढं रडली नव्हती. प्रफुल्लनं तिच्याजवळ सरकून बसावं की नाही याचा विचार केला आणि बसला. अल्का वहिनीला म्हणाली, "मी तुह्या बाजूनंच होती वयनी," आणि अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "मालूम हाय." त्यांना राग आला नव्हता. त्यांना फक्त एकदम म्हातारं वाटलं. आपली पोरगी राहिली असती, राहतच होती, आणि या माणसानं एक खोटं न बोलून ती घालवली, हे त्यांना कळत होतं. हाच माणूस आपल्याला दिला म्हणून त्यांनी आबाजींना मनातल्या मनात पुष्कळदा नावं ठेवली होती. आज ठेवता येईनात.

तेवढ्यात फाटकातून कुणीतरी हाक मारली. शेजारच्या पाड्यावरचे शालीकराम, मास्तरांचे जुने विद्यार्थी, आता स्वतःच आजोबा झालेले, मंडईचं धोतर नेसून भेटायला आले होते. मास्तरांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि सरकून त्यांना सतरंजीवर जागा केली. शालीकरामांनी सगळ्यांना जयभीम केला, पाणी घेतलं, पिकाची चौकशी केली आणि मग त्यांची नजर रचनाकडे गेली.

"हे आपली डॉक्टर पोरगी ना गुरुजी? तापाच्या गोळ्या देत होती ते?"

"हो."

"मोठी झाली गा. कोठी दिली हिले?"

मंडईला आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो. प्रफुल्लनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मास्तर आधी बोलले.

"बरिंड्याले."

शालीकरामांनी आठवून पाहिलं. "कोन्या तालुक्यात येते हे?"

"लय दूर हाय," मास्तर म्हणाले. "पन घर पाहिलं आमी. मानसं बरी हायेत."